सादिओ माने: सांगलीकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

सांगली-मिरजेत मध्यरात्रीनंतर चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या फुटबॉल क्लबांची स्पर्धा) बघत बसणारी मंडळी मोजकीच, आणि सगळी एकमेकांना ओळखून आहेत. त्यांच्यात मी 'मानेवाला' म्हणून बदनाम आहे. त्यामुळं त्याचा कुठलाही फोटो, व्हिडिओ किंवा सुविचार फिरायला लागला की तो 'हे खरं का?' एवढं लिहून माझ्याकडं येतो. म्हणून नेहमीचे प्रश्न इथं एकत्र केलेत. आधी साधे, मग खोचक. एका उत्तरात आलेलं दुसरीकडं परत लिहिलेलं नाही, तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. सादिओ माने कोण? थोडक्यात सांगा, आमच्या घरी फक्त क्रिकेट चालतं.

सेनेगलचा फुटबॉलपटू, फॉरवर्ड, म्हणजे पुढं खेळून गोल मारणारा. जन्म १० एप्रिल १९९२, सेनेगलच्या दक्षिणेकडच्या कासामान्स भागातलं बांबाली गाव. २०१६ ते २०२२ या काळात इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबाकडून २६९ सामने आणि १२० गोल. चॅम्पियन्स लीग, प्रीमियर लीग (इंग्लंडमधली) आणि आफ्रिका कप (आफ्रिकी देशांचा) हे तिन्ही जिंकलेला. आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू दोनदा झाला, २०१९ आणि २०२२ साली. सेनेगलसाठी सगळ्यात जास्त गोल त्याचेच. फुटबॉलशी देणंघेणं नसलेल्यांनाही तो माहीत असतो ते त्यानं गावात बांधलेल्या दवाखान्यामुळं (प्रश्न ९).

२. माने म्हणजे आपल्यातलाच की काय?

नाही. म्हसवडचा नाही, रहिमतपूरचाही नाही. पण कॉमेंटरीत एवढ्या वेळा 'माने' ऐकल्यावर घरातली म्हातारी माणसं गाव विचारणारच, त्यांना दोष देऊ नका.

३. तो घरातून पळून गेला होता म्हणे?

गेला होता, पंधरा-सोळाव्या वर्षी. त्यानं स्वतः मुलाखतींतून सांगितलेली हकिकत अशी: वडील गावच्या मशिदीचे इमाम, ते तो सातेक वर्षांचा असताना गेले. घरच्यांना पोरानं शिकावं असं वाटत होतं, फुटबॉल म्हणजे वेळ घालवणं. इकडं २००२ च्या विश्वचषकात सेनेगलनं पहिल्याच सामन्यात गतविजेत्या फ्रान्सला १-० नं हरवलं आणि थेट उपांत्यपूर्व फेरी गाठली. दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय भरलं असेल ते सांगायला नको.

पळायच्या आदल्या रात्री त्यानं बॅग घरासमोरच्या उंच गवतात लपवून ठेवली. सकाळी दात घासले, अंघोळ न करताच निघाला. फक्त एका जिवलग मित्राला माहीत होतं, त्यानंच उसने पैसे दिले. तिथून गाडी पकडून डाकार. बांबाली आणि राजधानी डाकार यांच्यामध्ये गांबिया नावाचा आख्खा देश आडवा येतो, म्हणजे हे काही इस्लामपूरहून सांगलीला येण्यासारखं नव्हतं. घरच्यांनी त्या मित्राला धारेवर धरलं, पत्ता काढला आणि पोराला परत आणलं. त्यानं अट घातली: हे शाळेचं वर्ष तेवढं पूर्ण करतो, पुढं मला जाऊ द्यायचं. घरच्यांनी शब्द पाळला. पळून जाण्याचं कौतुक करणाऱ्या पालकांच्या नजरेतून ही शेवटची दोन वाक्यं हटकून सुटतात.

४. फाटक्या बुटांचा किस्सा खरा का?

खरा. डाकारमधल्या निवड चाचणीला तो गेला तेव्हा एका वयस्क गृहस्थानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, तू चाचणीलाच आलायस ना? मग या बुटांवर खेळणार? आणि ही असली चड्डी? बूट फाटून शिवलेले होते, चड्डी फुटबॉलची नव्हतीच. माने म्हणाला, माझ्याकडं आहे त्यात चांगलं हेच आहे, मला फक्त खेळून दाखवायचंय. खेळ बघून त्याच गृहस्थानं त्याला तिथल्या तिथं निवडलं.

पुढं तो 'जेनेरासियों फूट' या अकादमीत गेला. हे नाव लक्षात ठेवा, प्रश्न २१ मध्ये लागेल. या अकादमीचा फ्रान्सच्या मेट्झ क्लबशी करार होता, त्यातून २०११ मध्ये तो फ्रान्सला पोचला. आईला न सांगता! तिथून फोन केला, आई, मी फ्रान्समध्ये आहे. आई म्हणाली, कुठलं फ्रान्स? तू तर सेनेगलमध्ये राहतोस. पोरगा खरंच युरोपात आहे यावर तिचा विश्वास बसायलाच वेळ लागला. तो सांगतो की त्यानंतर ती रोज फोन करून टीव्हीवर कधी दिसशील विचारायची.

५. कुठल्या कुठल्या क्लबांकडून खेळला?

मेट्झ (फ्रान्स), २०१२ पासून रेड बुल साल्झबर्ग (ऑस्ट्रिया), २०१४ पासून साउथॅम्प्टन, २०१६ पासून लिव्हरपूल, २०२२ मध्ये बायर्न म्युनिक आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सौदी अरेबियातला अल नासर. साल्झबर्गला असताना २०१३-१४ च्या हंगामात लीग आणि कप दोन्ही जिंकले. बायर्नकडून एकच हंगाम, त्यात बुंडेसलिगा (जर्मनीची लीग) जिंकली.

एक मजेशीर गोष्ट. पुढं लिव्हरपूलचा प्रशिक्षक झालेला यर्गन क्लॉप जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबाला असतानाच मानेला भेटला होता. तिरकी टोपी, रंगवलेले केस बघून त्याला वाटलं हा कुणी नवशिका रॅपर दिसतोय, आणि त्यानं घेतलं नाही. आपण चुकलो हे क्लॉपनं पुढं स्वतःच सांगितलं. लिव्हरपूलला आल्यावर त्यानं पहिल्या मोठ्या खरेद्यांत मानेला घेतलं, किंमत ३ कोटी पौंडांच्या वर.

६. ते तीन मिनिटांत तीन गोल काय प्रकरण आहे?

१६ मे २०१५, साउथॅम्प्टन विरुद्ध ॲस्टन व्हिला. पहिल्या गोलापासून तिसऱ्या गोलापर्यंत २ मिनिटं ५६ सेकंद. प्रीमियर लीगमधली सगळ्यात वेगवान हॅटट्रिक. आधीचा विक्रम रॉबी फाउलरचा, १९९४ मध्ये आर्सेनलविरुद्ध, ४ मिनिटं ३३ सेकंद. सामना ६-१ असा संपला.

व्हिडिओ बघणार असाल तर बाकीच्या दोन गोलांपेक्षा पहिला गोल बघा, त्यात बचावपटू आणि गोलरक्षक दोघांना आपटून आलेल्या चेंडूवर तो कसा तुटून पडतो ते. मानेचा खेळ असाच. सुबक नाही, पण चेंडू सुटला की पहिला पोचणार.

७. सालाह मोठा की माने? खरं सांगा.

आकड्यांत सालाह, म्हणजे लिव्हरपूलमधला त्याचा इजिप्तचा जोडीदार. वाद मिटला.

आता माझं मत. २०१८-१९ मध्ये प्रीमियर लीगचा गोल्डन बूट (सगळ्यात जास्त गोलांचा मान) तिघांत वाटला गेला: माने, सालाह, ओबामेयांग, प्रत्येकी २२ गोल. मानेच्या २२ मध्ये पेनल्टी एकही नाही, लिव्हरपूलच्या पेनल्टी तो घेतच नव्हता. त्याच वर्षी १ जूनला माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमविरुद्ध पहिल्याच मिनिटाला पेनल्टी मिळाली ती मानेनं मारलेला चेंडू सिसोकोच्या हाताला लागला म्हणून. मारली सालाहनं, स्कोअरबोर्डवर नाव सालाहचं. हे नेहमीचंच. शिवाय चेंडू गेला की मागं धावत येऊन तो परत मिळवणं, हे काम मानेनं सहा वर्षं केलं आणि त्याचा कुठं हिशोब लागत नाही. प्रीमियर लीगमध्ये त्याचे एकूण १११ गोल आहेत. शंभरी गाठणारा तो ड्रोग्बा आणि सालाहनंतरचा तिसरा आफ्रिकी खेळाडू.

८. एवढा मोठा खेळाडू, मग पेनल्टी का घालवतो?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक फक्त एक क्लिप बघून विचारतात, म्हणून सगळा क्रम देतो.

जानेवारी २०१७, आफ्रिका कपचा उपांत्यपूर्व सामना, कॅमेरूनविरुद्ध गोलशून्य. शूटआउटमध्ये (बरोबरी फोडायला दोन्ही संघ आळीपाळीनं पेनल्टी मारतात ते) शेवटची पेनल्टी मानेची, अडवली गेली, सेनेगल घरी. रडत मैदान सोडलं. २०१८ च्या विश्वचषकात तो कर्णधार होता. सेनेगल आणि जपान गुण, गोलफरक, गोल, आपसातला सामना या सगळ्यात सारखे निघाले. जपानला ४ पिवळी कार्डं, सेनेगलला ६. पिवळ्या कार्डांवरून विश्वचषकातून बाहेर पडलेला तो पहिला संघ. २०१९ चा आफ्रिका कप, अंतिम सामना, अल्जीरियाकडून १-० नं हार.

मग ६ फेब्रुवारी २०२२, याउंदे, अंतिम सामना इजिप्तशी. सातव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. घेतली मानेनं, अडवली गोलरक्षक गाबास्कीनं. मी त्या क्षणी टीव्ही बंद करायला उठलो होतो. १२० मिनिटं गोल नाही. शूटआउटमध्ये पाचवी आणि निर्णायक पेनल्टी कोण घ्यायला आला? तोच. त्याच दिवशी, त्याच गोलरक्षकासमोर चुकलेला माणूस. या वेळी जोरात मारली, चेंडू आत, सेनेगल पहिल्यांदाच आफ्रिकेचा विजेता. दुसऱ्या दिवशी देशात सार्वजनिक सुट्टी. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

पुढच्याच महिन्यात विश्वचषक पात्रतेसाठी पुन्हा इजिप्त, पुन्हा शूटआउट. सालाहची बारवरून गेली, मानेनं शेवटची आत घातली. आता विचारा काय विचारायचं ते.

(आणि हो, एवढं करून २०२२ चा कतारचा विश्वचषक तो खेळलाच नाही. नोव्हेंबरमध्ये बायर्नकडून खेळताना पायाला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली.)

९. दवाखाना नक्की कुठं, कुणासाठी, आणि त्यानंच का बांधला?

बांबालीत. जून २०२१ मध्ये सुरू झाला. खर्च पाच लाख पौंडांच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या दरानं साधारण पाच कोटी रुपये. बाळंतपणाचा विभाग, दातांचा विभाग, तपासणीच्या खोल्या. आजूबाजूच्या ३४ गावांना त्याचा उपयोग व्हावा अशी योजना. उद्घाटनाच्या सुमाराला माने सेनेगलचे तेव्हाचे अध्यक्ष माकी साल यांना भेटला. नुसती इमारत बांधून भागत नाही, कर्मचारी सरकारनं द्यावे लागतात.

'का' हा भाग जास्त महत्त्वाचा. वडिलांचं पोटाचं दुखणं होतं. गावात डॉक्टर नाही, दवाखाना नाही, म्हणून झाडपाल्याचं औषध चालू. तीन-चार महिने बरं वाटलं, मग दुखणं उलटलं आणि औषध लागू पडेना. शेजारच्या गावी हलवलं, तिथं ते गेले. माने तेव्हा मैदानात खेळायच्या तयारीत होता. चुलतभाऊ पळत आला आणि म्हणाला, सादिओ, तुझे वडील गेले. याला वाटलं चेष्टा करतोय. बहीणसुद्धा घरीच जन्मली, कारण तेच.

मिरजेला राहणाऱ्या माणसाला हे समजायला जरा जड जातं. आपल्याकडं कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात. रेल्वे स्टेशनवरून रिक्षावाल्याला नुसतं डॉक्टरचं नाव सांगितलं की पुरतं. पण मिरजेतसुद्धा ही परंपरा आपोआप उगवलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम वानलेस नावाचा डॉक्टर इथं येऊन बसला, दवाखाना उभा केला, मग बाकीचं जमत गेलं. आणि जतच्या पूर्वेकडच्या एखाद्या वाडीवर रात्री दोन वाजता बाई अडली तर काय होतं, हे तिकडच्या लोकांना विचारा. त्यांना बांबाली लगेच समजतं.

१०. दवाखान्याशिवाय आणखी काय केलं?

गावात माध्यमिक शाळा बांधली, दवाखान्याच्या आधी. वडील जिथं इमाम होते त्या गावात मशिदीसाठी पैसे दिले. मार्च २०२० मध्ये करोना सुरू होताच देशाच्या समितीला ३ कोटी सीएफए फ्रँक दिले. आकडा ऐकून दचकू नका, ते तिथलं चलन. आपल्या हिशोबात साधारण ३५-४० लाख रुपये.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र छोटी आहे. २०१८ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्याआधी त्यानं ३०० लिव्हरपूल जर्सी विकत घेऊन गावाकडं पाठवल्या. गावची वस्ती दोनेक हजार. रेआल माद्रिदनं तो सामना ३-१ नं जिंकला, पण लिव्हरपूलचा तो एकमेव गोल मानेचा होता. तीनशे लाल जर्सींनी तो गोल एकदम पाहिला असणार.

११. दर महिन्याला गावातल्या प्रत्येकाला ७० युरो देतो, ते खरं हाय का?

मूळ असं आहे. २०१९ मध्ये त्याच्या एका मुलाखतीतला मजकूर जगभर छापून आला. दहा फेरारी, वीस हिऱ्याची घड्याळं, दोन विमानं घेऊन मी काय करू, त्यानं जगाचं काय भलं होणार, असा त्याचा सूर. त्यातच शाळा, कपडे, चपला, अन्न आणि एका अतिशय गरीब भागातल्या लोकांना महिना ७० युरो देतो असा उल्लेख आहे.

त्यानंतर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजांनी तो मजकूर वाढवत नेला. कुणी 'गाव'चं 'जिल्हा' केलं, कुणी 'देश'. गावात पेट्रोल पंप, पोस्ट, फोर-जी, प्रत्येक हुशार पोराला लॅपटॉप, अशी यादी दर सहा महिन्यांनी लांबत चाललीय. माझा नियम सोपा आहे: जे विटा-सिमेंटचं उभं आहे, ज्याचं उद्घाटन झालं, ज्याचे फोटो बातम्यांत आले, ते सांगायचं. दवाखाना आणि शाळा एवढं माझ्या कौतुकाला पुरून उरतं. वरचं तिखट-मीठ कशाला?

१२. फुटलेल्या मोबाइलचा फोटो?

फोटो खरा. २०१९ च्या अखेरीस तो काच तडकलेला आयफोन हातात घेऊन जाताना दिसला. त्याखाली चिकटवलेलं लांबलचक भाषण हे प्रश्न ११ मधल्याच मुलाखतीचं तोडून-जोडून केलेलं आहे, फोनबद्दल तो त्यात काहीच बोललेला नाही. मोबाइलची काच फुटणं हे साधेपणाचं लक्षण असेल तर आमच्या कॉलेजची सगळी पोरं संत आहेत.

१३. मशिदीत साफसफाई करतानाचा व्हिडिओ खरा की नाटक?

व्हिडिओ खरा, सप्टेंबर २०१८, लिव्हरपूल शहरातल्या मशिदीतला. आदल्या काही तासांत त्यानं लेस्टरविरुद्ध गोल केला होता. वारीत मोठमोठी माणसं पंगतीत वाढताना, चपला सांभाळताना आपण बघतो, त्यात आणि यात मला तरी फरक दिसत नाही.

१४. एवढे कोट्यवधी मिळतात, त्यातले पाच कोटी दिले तर काय उपकार केले?

हा प्रश्न दर वेळी कुणीतरी टाकतंच, आणि तो वाईट प्रश्न नाही. त्याच्या कमाईच्या मानानं रक्कम छोटी आहे, मान्य. पण रकमेची टक्केवारी काढण्यापेक्षा ती कुठं लावली ते बघा. पैसा डाकारमध्ये फलक लावून दिसला असता, लिव्हरपूलमध्ये चेक देतानाचा फोटो निघाला असता. त्यानं तो नकाशावर शोधावा लागणाऱ्या गावात लावला, आणि जे घरात स्वतः भोगलं नेमकं त्यावर लावला. वडील दवाखान्याअभावी गेले म्हणून दवाखाना. शाळा सोडून पळाला म्हणून शाळा. कर सल्लागारानं सुचवलेल्या दानात अशी सरळ रेघ सापडत नाही.

१५. इतर खेळाडूही दान करतात की! मग मानेचंच एवढं काय?

करतात, आणि त्यांचंही कौतुक आहे. हुआन माटानं २०१७ मध्ये पगाराचा एक टक्का द्यायचा 'कॉमन गोल' उपक्रम सुरू केला. मार्कस रॅशफर्डनं २०२० मध्ये सुट्टीतल्या शालेय जेवणासाठी थेट ब्रिटिश सरकारला निर्णय बदलायला लावला, फायदा सुमारे १३ लाख मुलांना. परिणामाच्या मापानं बघितलं तर रॅशफर्डचं काम मानेपेक्षा मोठं म्हणता येईल. मी मानेचा चाहता आहे म्हणून हे लपवणार नाही.

१६. त्याचं कधी काही चुकलंच नाही का? सगळे देवच करून ठेवतात.

चुकलंय की. साल्झबर्ग सोडायच्या वेळी, २०१४ मध्ये, चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्याच्या तोंडावर सरावाला गेला नाही, दुसऱ्या क्लबात जायचं म्हणून अडून बसला. जानेवारी २०१६ मध्ये संघाच्या मीटिंगला उशिरा आला म्हणून साउथॅम्प्टनच्या प्रशिक्षकानं त्याला सुरुवातीच्या अकरांतून वगळलं. सप्टेंबर २०१७ मध्ये मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक एडरसनच्या तोंडावर बूट बसला, लाल कार्ड, तीन सामन्यांची बंदी, आणि लिव्हरपूल ५-० नं हरलं. एप्रिल २०२३ मध्ये सिटीकडून ३-० हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये सहकारी लिरॉय सानेशी भांडण झालं. बायर्ननं त्याला पुढच्या सामन्याला बसवलं आणि दंड केला.

दवाखाना बांधला म्हणून हे पुसलं जात नाही, आणि हे घडलं म्हणून दवाखाना पडत नाही.

१७. सौदीला पैशासाठीच गेला ना?

पैसा हे मोठं कारण होतंच, दुसरं सांगून काय उपयोग. बायर्नमध्ये जम बसला नव्हता, वय ३१, मोठा करार समोर आला. मला तो निर्णय आवडला नाही. त्याचा उत्तम काळ युरोपातच संपायला हवा होता असं अजून वाटतं.

१८. सॉक्रेटिस पुरस्कार म्हणजे तत्त्वज्ञानाचा?

नाव त्या ग्रीक माणसाचं नाही, ब्राझीलच्या फुटबॉलपटूचं. तो स्वतः डॉक्टर होता आणि लष्करी राजवटीच्या काळात लोकशाहीच्या बाजूनं उभा राहिला होता. खेळाडूंच्या सामाजिक कामासाठी बॅलन डी'ऑरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) सोहळ्यात हा पुरस्कार २०२२ पासून देतात, पहिला मानकरी माने. त्याच रात्री मुख्य बॅलन डी'ऑरमध्ये तो बेन्झेमामागं दुसरा आला.

१९. त्याच्या कामासाठी सांगलीतून पैसे पाठवता येतील का?

त्याच्या नावानं येणाऱ्या कुठल्याही यूपीआय क्यूआर कोडवर, फेसबुक पेजवर किंवा 'माने फाउंडेशन इंडिया' असल्या मेसेजवर एक रुपयाही पाठवू नका. सेनेगलमधला दवाखाना सांगलीच्या यूपीआयवर वर्गणी गोळा करत नाही.

कायद्यानं परदेशी संस्थेला देणगी पाठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, बँकेतून कागदपत्रं भरून. पण त्यावर ८०जी ची (देणगीवरच्या प्राप्तिकराची) सूट मिळत नाही, ती भारतात नोंदलेल्या पात्र संस्थांनाच. तिथंही २,००० रुपयांवर रोख दिलं तर सूट नाही, आणि नवी कर प्रणाली घेतली असेल तर ८०जी लागूच होत नाही. मार्चअखेरीस विचारणाऱ्या दोघा-तिघांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

२०. आमचा ग्रुप मानेच्या वाढदिवसाला वर्गणी काढून सिव्हिलमध्ये फळं वाटणार आहे. चालेल?

वाटा. आपसात दहा-वीस जणांनी काढायचे पैसे हा घरगुती मामला. पण पावती पुस्तक छापून गावभर फिरणार असाल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी काढा.

बाकी एक सुचवणं: केळी वाटतानाचा फोटो काढताना पेशंटचा चेहरा घेऊ नका. आणि केळ्यांपेक्षा रक्तपेढीत जाऊन रांगेत बसलात तर जास्त उपयोग. १० एप्रिल म्हणजे कडक उन्हाळा, कॉलेजांना सुट्ट्या, रक्ताचा तुटवडा नेमका तेव्हाच असतो.

२१. पोरगा आठवीत आहे, मानेसारखं व्हायचं म्हणतो. सांगलीतून काही होईल का?

मानेची गोष्ट ऐकवून पोराला 'जिद्द असली की झालं' असं सांगू नका, ते अर्धसत्य आहे. जिद्द होतीच, पण डाकारमध्ये जेनेरासियों फूट ही अकादमी होती आणि तिचा मेट्झशी करार होता (प्रश्न ४). म्हणजे गावापासून युरोपपर्यंत एक पायवाट कुणीतरी आधीच पाडून ठेवली होती. पोराला तशी पायवाट कुठं सापडेल ते बघा.

आपल्याजवळची पायवाट कोल्हापुरात आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार यांचे सामने बघायला पोराला एकदा घेऊन जा. पेठांच्या तालमींनी तिथं कित्येक पिढ्या खेळ जिवंत ठेवलाय. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, एसटीनं दीड-दोन तासांच्या अंतरावरचं हे उदाहरण बांबालीपेक्षा जवळचं. बुटांवर आत्ताच हजारो रुपये घालू नका, सहा महिन्यांत पाय वाढतो. आणि शाळेचं वर्ष पूर्ण करायचं, ही अट मानेनंही पाळली होती.

२२. पुराच्या वेळी मानेला ट्विट करून मदत मागायला हवी होती, तुम्ही का नाही केलं?

२०१९ च्या महापुरात हा मेसेज मला खरंच आला होता, तेव्हा शहरात कृष्णेचं पाणी शिरलं होतं आणि नेटही धड नव्हतं. सेनेगलच्या माणसानं सेनेगलच्या गावाचं बघितलं. सांगलीचं सांगलीतून मोठी झालेली, बाहेर गेलेली माणसं बघतील, त्यांना ट्विट करा. त्यांच्यातल्या काहींनी तेव्हा बरंच केलंही.

२३. जर्सी शिवून घ्यायचीय, मानेचा नंबर १९ टाकू की १०?

दोन्ही बरोबर. लिव्हरपूलमध्ये पहिले दोन हंगाम १९, २०१८ पासून १०. सेनेगलकडून १०, अल नासरमध्येही १०, बायर्नमध्ये मात्र १७. साउथॅम्प्टनला असताना १० होता, म्हणून लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीवर १९ छापू नका, कुणीतरी जाणकार हटकेलच. हिरव्या सेनेगल जर्सीवर १० टाकत असाल तर छातीवर एक चांदणी विसरू नका, ती २०२२ च्या आफ्रिका कपाची. २०२२ च्या आधीची जर्सी करताय तर ती नको.